बडोद्याच्या युनिव्हर्सिटीला आपण माजी विद्यार्थ्यांनी काय द्यावं?

करेलीबागकर | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार.

एमएस, म्हणजे महाराजा सयाजीराव, युनिव्हर्सिटीच्या सायन्स फॅकल्टीतून आमची तुकडी बाहेर पडली त्याला येत्या डिसेंबरात पंचवीस वर्षं होतील. सगळ्यांनी जमायचं ठरलंय. नुसतं जेवून उठायचं नाही, युनिव्हर्सिटीला काही द्यायचं, हेही ठरलंय. काय द्यायचं यावर मात्र व्हॉट्सॅपच्या गटात दोन तट पडलेत. इथे बडोद्यात शिकलेले बरेच जण आहेत, शिवाय इतर शहरांत असं काही उभं केलेलेही असतील, म्हणून धागा काढते आहे.

एका तटाचं म्हणणं असं की सगळ्यांकडून एकदाच वर्गणी काढावी, थंड पाण्याचं मशीन, बाकं किंवा एखाद्या वर्गासाठी प्रोजेक्टर घ्यावा, त्यावर तुकडीचं नाव घालावं आणि मोकळं व्हावं. दुसऱ्या तटात मी आणि आणखी काही जण आहोत. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याला जावी आणि तिच्यासोबत आपल्यातलं कुणीतरी माणूसही जावं, असं आम्हाला वाटतं.

बडोद्याच्या माणसाला हे वेगळं पटवून द्यायची गरज पडू नये. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परक्या शहरात शिकणाऱ्याला खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च दर महिन्याला लागतो, तीन वर्षं लागतो, हे ओळखून लावून दिलेली ती रक्कम होती. प्राथमिक शिक्षणाचंही तसंच. आधी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत शिक्षण करून पाहिलं, आणि ते १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. लहान सुरू करून तेरा वर्षं लावून धरणं मला फार मोठं वाटतं.

आता हिशेब पाहा. शंभर जणांनी महिन्याला ५०० रुपये दिले तर वर्षाचे ६ लाख होतात. तेवढंच व्याज हवं असेल तर सात टक्क्यांच्या दराने जवळजवळ ८६ लाखांची ठेव लागेल. आमची तुकडी एकरकमी ८६ लाख कधीच जमवू शकणार नाही. महिन्याला ५०० मात्र जवळपास प्रत्येकाला जमतील.

मला विचारायचंय ते असं. हे पैसे युनिव्हर्सिटीत नेमके कुठल्या मार्गाने जातात? आणि जे पैसे देऊ शकत नाहीत पण वेळ देऊ शकतात, त्यांनी काय करावं?

---

रोखठोक | रविवार, सकाळी १०.०२

तळमळ पोचली, पण मूळ प्रश्नच मला मान्य नाही. ही सरकारी युनिव्हर्सिटी आहे. आपण सगळे कर भरतो. मुलांची फी, प्रयोगशाळा, वसतिगृह ही सरकारची जबाबदारी आहे. माजी विद्यार्थी खिशातून भरू लागले की सरकारला हात आखडता घ्यायला कारण मिळतं. आज तुम्ही प्रोजेक्टर द्याल, उद्या वर्ग रंगवून द्याल, परवा तात्पुरत्या शिक्षकाचा पगार तुमच्याकडे मागितला जाईल.

दुसरं. पूर्वी नोंदणीकृत पदवीधरांना सिनेटवर आपले प्रतिनिधी निवडून देता यायचे. २०२३ च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट गेली, त्यांच्या जागी बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. म्हणजे कारभारात माजी विद्यार्थ्याचा शब्द कमी झाला आणि त्याच वेळी त्याच्या पाकिटाची आठवण होऊ लागली. हे दोन्ही एकत्र बघा एवढंच म्हणतो.

---

करेलीबागकर | रविवार, सकाळी १०.४०

रोखठोक, पहिल्या मुद्द्याशी मी बरीचशी सहमत आहे. शिक्षकांचे पगार, इमारती, वीज यांतलं काही आपण उचलू नये. तसं केलं तर ते चुकीचंच होईल. पण एखाद्या मुलीचं मेसचं बिल फेब्रुवारीत थकलंय आणि त्यापायी ती सहामाही सोडून घरी जायच्या बेतात आहे, तर तिच्यासाठी सरकारी नियमावलीत तरतूद निघेपर्यंत परीक्षा होऊन जाते. त्या फटीपुरतं आपलं काम असावं.

दुसरा मुद्दा मला जास्त बोचला. शब्द कमी झाला हे खरं. पण शब्द निवडणुकीतूनच मिळतो असं नाही. जो माणूस दर महिन्याला विभागात जातो, मुलांना ओळखतो, त्याचं म्हणणं विभागप्रमुख ऐकतात. निदान दुर्लक्ष करणं त्यांना कठीण जातं.

---

दांडियाबाजार | रविवार, दुपारी १२.१५

ताई, मार्गाबद्दल विचारलंत, तर माझं सगळं आयुष्य ट्रस्टांचे हिशेब तपासण्यात गेलं. सांगतो.

थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यात द्यायचं असेल तर पैशांसोबत पत्र द्या. असं पत्र लिहिण्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि नंतर भांडणं होतात. रक्कम कुठल्या विभागासाठी, कशासाठी, मूळ रक्कम राखून फक्त व्याज वापरायचं की सगळी खर्च करायची, हे सगळं पत्रात हवं. मूळ रक्कम राखायची असेल तर कायमनिधी हा शब्द पत्रात असलाच पाहिजे. नुसतं ‘देणगी’ लिहिलंत तर ती त्या वर्षाच्या खर्चात जाते.

माजी विद्यार्थ्यांच्या ट्रस्टमार्फत द्यायचं असेल तर तो ट्रस्ट चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेला हवा आणि प्राप्तिकराची ८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला करवजावट मिळवून देणारी, मान्यता चालू हवी. मान्यतेची मुदत संपते, तिचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा जुना कागद पाहून विसंबू नका. २००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने दिली तर वजावट मिळत नाही. आता नुसती पावतीही पुरत नाही, संस्थेने १०बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत मिळायला हवं. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०जी चा लाभ मिळत नाही, हे आपल्या तुकडीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर एप्रिलमध्ये फोन येतात.

आणखी एक गोष्ट नव्या ट्रस्टवाल्यांना ठाऊक नसते. करमाफी टिकवायची तर ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टावर खर्च करावे लागतात. कायमनिधी म्हणून लेखी दिलेली रक्कम यातून वेगळी राहते. म्हणजे तुमची महिन्याची ५०० ची कल्पना आणि वर्षभरात मुलांवर खर्च करणं हे कायद्याच्या चालीला धरूनच आहे. पैसे साठवून बसण्यापेक्षा ते बरं.

मुलाच्या खात्यात थेट पैसे टाकणं सगळ्यात सोपं. त्यात करसवलत नाही. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम आली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. मेसचं बिल भरण्याइतक्या रकमेला ही अडचण येत नाही.

ठेवीबद्दल एक अनुभव. जुन्या पारितोषिकांच्या ठेवी मी तपासल्या आहेत. देणाऱ्याने कधीकाळी त्याच्या परीने घसघशीत रक्कम ठेवली होती, आज तिच्या व्याजात पदकावर नाव कोरण्याचा खर्चही निघत नाही. हेतू उत्तम होता, महागाईने तो खाल्ला. म्हणून ठेव ठेवलीच तर व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात परत घालायची अट पत्रात घाला.

---

मकरपुरा_८८ | रविवार, दुपारी १२.५०

काकांचा प्रतिसाद छापून ठेवला. आमच्या कॉमर्सच्या गटालाही पाठवला.

---

रंगरेषा | रविवार, दुपारी ३.३०

मी फाईन आर्ट्‌सची, आता पुण्यात असते.

आमच्याकडे ही गोष्ट जुनी आहे. फाईन आर्ट्‌स फेअर भरायचा तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून खेळणी, भांडी, छापे, कागदाच्या वस्तू करायचे आणि सगळं शहर ती विकत घ्यायला यायचं. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक त्यात स्वतः हाताने खेळणी बनवत. मुलांच्या कामासाठी पैसा उभा राही, शिवाय शहराला फॅकल्टी आपली वाटे. पाकीट सरकवून निघून जाण्यात ते नाही. माझ्या घरच्यांनी तिथूनच घेतलेला लाकडी पक्षी अजून आमच्याकडे आहे.

पैशापेक्षा वेळाबद्दल लिहिते, कारण ते मी करते. माजी विद्यार्थ्याला बोलावून ‘माझा प्रवास’ असं भाषण ठेवतात. मुलं टाळ्या वाजवतात, निघून जातात. त्याने काही होत नाही. आम्ही काही जणींनी विभागाला सांगितलं की आम्हाला व्यासपीठ नको, सत्रातले काही शनिवार द्या. त्या दिवशी प्रत्येक मुलासमोर बसून त्याचं काम पाहायचं, गॅलरीला पत्र कसं लिहायचं, कामाची किंमत कशी ठरवायची, कामं पाठवताना बांधायची कशी, मोबदल्याचा करार कसा वाचायचा, हे दाखवायचं. बाहेर पडल्यावर आम्ही हेच ठेचा खात शिकलो होतो. शिक्षक अभ्यासक्रमात गुंतलेले असतात, त्यांना याला वेळ कुठून मिळणार!

आणि वस्तू देण्याआधी विचारा. छापचित्रांच्या स्टुडिओत नवं यंत्र मिळालं तर छान वाटतं, पण मुलांचं काम अडतं ते शाई, जस्ताचे पत्रे आणि चांगला कागद नसल्याने. संपणाऱ्या वस्तूंवर नाव कोरता येत नाही म्हणून त्या कुणी देत नाही. मला याचा खरंच राग येतो.

---

अटलांटिककाठी | रविवार, रात्री ८.४५

टेक्नोतून, म्हणजे इंजिनिअरिंगच्या फॅकल्टीतून, मेकॅनिकल, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत. बाहेरच्यांसाठी थोडी माहिती.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांचं दान भारतात परकीय मानलं जात नाही. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, त्यांचे पैसे विदेशी अंशदान कायद्याखाली येतात. म्हणजे घेणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याची नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावे लागतात. जुन्या मित्राच्या बचत खात्यात पाठवून ‘तू युनिव्हर्सिटीला दे’ म्हणणं टाळा. त्यात तो बिचारा अडकतो.

अमेरिकेतली करवजावट हवी असेल तर देणगी इथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला द्यावी लागते, ती पुढे भारतात पाठवते. तिचा मोठा फायदा वेगळाच आहे. इथल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीत तेवढीच भर स्वतःकडून घालतात. काही तर तुम्ही किती तास स्वयंसेवा केली त्यावरही देणगी देतात. पुष्कळ भारतीय हे मागतच नाहीत. मनुष्यबळ विभागात एक अर्ज करायचा असतो, बस.

आता थोडं तुलनेचं. २०१८ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी आपल्या जॉन्स हॉपकिन्सला १.८ अब्ज डॉलर दिले ते मुलांच्या आर्थिक मदतीसाठी, म्हणजे पैशांपायी कुणाचा प्रवेश अडू नये म्हणून. आपल्याकडे नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या तुकडीने पंचविशीला मिळून ५७ कोटी दिले. हे आकडे वाचून आपण बडोद्याचे लोक गप्प बसतो, की आपल्याला हे कुठून जमणार. पण इथल्या विद्यापीठांत मी जवळून पाहिलंय की मोठ्या देणगीच्या कितीतरी आधी सवय लावलेली असते. पास होऊन पहिल्याच वर्षी मुलांना दहा डॉलर मागतात. मागायला फोन करतात तेही तिथलेच शिकणारे विद्यार्थी. दहा डॉलरनी काही होत नाही हे त्यांनाही माहीत असतं. देणाऱ्याचं नाव यादीत राहतं, त्याला दरवर्षी पत्र जातं, आणि तीस वर्षांनी तो मोठा झाला तर कुठे द्यायचं हे त्याला शोधावं लागत नाही. आपल्याला पास झाल्यावर कुणी दहा रुपये मागितले का?

---

रोखठोक | रविवार, रात्री ९.२०

नाही मागितले. हा मुद्दा मान्य.

---

नवापूरचा_मुलगा | सोमवार, सकाळी ७.३०

मी सध्या एमएस्सीला आहे, वसतिगृहात राहतो. घरात कॉलेजात आलेला पहिलाच. इथे लिहू की नको असं वाटत होतं, पण सगळे आमच्याबद्दलच बोलताय म्हणून लिहितो.

ताई, तुम्ही मेसच्या बिलाचं लिहिलंत ते तंतोतंत खरं आहे. सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यात यायला वेळ लागतो. फी आणि मेसचं बिल आधी भरावं लागतं. मधले जे महिने असतात त्यात मुलं उधार घेतात, रात्री पार्सल पोचवायचं काम धरतात आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला झोपतात. शिष्यवृत्ती आली की ते पैसे परत करू शकतात. म्हणजे दान नसलं तरी चालेल, थोडे महिने हातउसने मिळाले तरी पुष्कळ मुलं तरतील.

दुसरी अडचण अर्जांची. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे, ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, गुजरातच्या मुलांसाठी. माझ्या वर्गातल्या काहींना ती माहीतच नव्हती. उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं, मुदत, अर्ज परत आला तर काय दुरुस्त करायचं, हे सांगणारं कुणी नसतं. ज्यांचे आईवडील नोकरीत आहेत त्यांच्या घरी कुणीतरी भरून देतं. माझ्यासारख्यांच्या घरी अर्जाचं पहिलं पानच कुणी पाहिलेलं नसतं. मी महाराष्ट्रातला, त्यामुळे माझे अर्ज आणखी वेगळे. कुणी माजी विद्यार्थी प्रवेशाच्या दिवसांत टेबल टाकून बसला तर शंभर मुलांचं वर्ष वाचेल.

आणि एक विनंती आहे, राग मानू नका. पैसे देताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. तो फोटो गावापर्यंत जातो.

---

करेलीबागकर | सोमवार, सकाळी ८.०५

तुझा प्रतिसाद आमच्या गटावर जसाच्या तसा टाकते आहे, नाव-गाव न देता. फोटो निघणार नाही, हा शब्द देते.

हातउसने हा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. ते पैसे परत आले तर त्यातूनच पुढच्या मुलाला देता येतील.

---

विज्ञानशिक्षक | सोमवार, दुपारी १.१०

निवृत्त प्राध्यापक आहे, आयुष्य याच फॅकल्टीत गेलं. वरच्या मुलाचा प्रतिसाद वाचून गलबललो.

महिन्याच्या रकमेचं वजन किती असतं, याचं बडोद्यातलंच एक उदाहरण सांगतो. नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन १९७१ मध्ये आपल्या युनिव्हर्सिटीतून भौतिकशास्त्रात बीएस्सी झाले. आईवडील इथेच बायोकेमिस्ट्रीत शिकवत. त्यांना मेडिकलला प्रवेश मिळालेला होता. राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळाली तरच मूलभूत विज्ञानाकडे जायचं, असं घरात ठरलं होतं. ती मिळाली आणि ते भौतिकशास्त्राला आले. २००९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते रायबोसोमच्या रचनेसाठी. त्यांची हुशारी शिष्यवृत्तीने आलेली नव्हती, ते उघडच आहे. पण शिष्यवृत्तीने वाट बदलली. शिष्यवृत्तीला मी एवढं मानतो ते यामुळे.

आता विभागाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण माजी विद्यार्थी भेटवस्तू घेऊन दाराशी उभे असताना मी आत बसलेलो आहे.

उपकरण द्यायचं असेल तर त्याच्यासोबत निदान पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे द्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरसारखं यंत्र देऊन जातात, दोन वर्षांनी त्याचा दिवा जातो, दुरुस्तीला तजवीज नसते आणि यंत्र झाकून ठेवावं लागतं. देणाऱ्याला वाटतं विभागाने हेळसांड केली. विभागाला वाटतं आपण कुणाला तोंड द्यावं. पैसेच द्यायचे असतील तर काचसामान, रसायनं आणि मुलांच्या प्रकल्पांसाठी द्या. रंगरेषाबाईंनी शाई आणि कागदाचं लिहिलंय, आमच्याकडेही हुबेहूब तेच आहे.

घर आवरताना निघालेली पुस्तकं ग्रंथालयात आणून टाकू नका. हंसा मेहता ग्रंथालय मोठं आहे, पण जुन्या आवृत्तीच्या पाठ्यपुस्तकांना तिथेही जागा देता येत नाही. आधी यादी पाठवा, ग्रंथपालांना हवं ते निवडू द्या. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा आपल्याला अभिमान आहे. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून घेतलं ते निवड आणि मांडणी शास्त्राने व्हावी म्हणूनच.

नॅक या संस्थेकडून युनिव्हर्सिटीच्या दर्जाचं मूल्यांकन होतं तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा वेगळा मुद्दा असतो. त्या वर्षी सगळ्यांना माजी विद्यार्थी आठवतात, समित्या होतात, छायाचित्रं चिकटवली जातात. देशभर हेच चालतं. तुम्ही मूल्यांकनाच्या वर्षाची वाट न पाहता या.

---

वाडीतली_आजी | सोमवार, संध्याकाळी ६.४०

सगळं वाचलं. माझं शिक्षण बडोदे कॉलेजच्या त्याच घुमटाच्या इमारतीत झालं, चिशोमसाहेबांनी बांधलेल्या. आता पेन्शनीवर आहे, पैसे फारसे देता येणार नाहीत. पण मला मोडी चांगली वाचता येते, सासऱ्यांनी शिकवली होती. बडोदे संस्थानच्या जुन्या दप्तरात मोडीतले कागद ढिगाने आहेत आणि वाचणारे कमी झालेत. इतिहासाच्या मुलांना शिकायची असेल तर घरी या, मी शिकवीन. गुडघ्यांमुळे मला जिने चढवत नाहीत, एवढंच.

---

विज्ञानशिक्षक | सोमवार, संध्याकाळी ७.१५

आजी, नमस्कार. इतिहास विभागात माझे स्नेही आहेत, आज रात्रीच बोलतो. संशोधन करणाऱ्या मुलांना मोडी येत नाही म्हणून ती इंग्रजी कागदांवरच थांबतात. तुमच्याकडे चार मुलं जरी तयार झाली तरी त्यांच्या प्रबंधात न वाचलेला बडोदा येईल. मुलंच तुमच्याकडे येतील, जिन्याचा प्रश्न नाही.

---

रंगरेषा | सोमवार, रात्री ९.००

आजी, मलाही शिकायची आहे. पुण्याहून व्हिडिओवर चालेल का?

---

वाडीतली_आजी | सोमवार, रात्री ९.३५

चालेल. नातू लावून देतो. वळणदार टाक आणि रेघी कागद घेऊन बस.

---

राजवाडा_इंदूर | मंगळवार, सकाळी ११.२०

आम्ही इंदुरात आमच्या जुन्या कॉलेजसाठी असा गट चालवतो, त्यातलं एक सांगते. गट तिसऱ्या वर्षी मोडायला येतो. पहिल्या वर्षी सगळ्यांचा उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी तीनचार जण ओझं वाहतात, तिसऱ्या वर्षी ते थकतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. महिन्याची रक्कम बँकेला कायमची सूचना देऊन आपोआप जाते, कुणी कुणाला आठवण करायची नाही. आणि दरवर्षी नुकत्याच पास झालेल्या दोन मुलांना कामात घ्यायचंच, ती काहीही देऊ शकत नसली तरी. ज्यांना मदत झाली होती त्यांतलेच काही जण आता हिशेब लिहितात.

---

रोखठोक | मंगळवार, दुपारी २.००

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. वसतिगृहं, शिक्षकांच्या जागा, वेळेवर शिष्यवृत्ती, हे सरकारकडे मागत राहायलाच हवं, आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटाने ते लेखी मागावं असं मी सुचवतो. मुलं कुठल्या महिन्यात किती अडतात याची आकडेवारी तुमच्याकडे जमेल. ती मागणीसोबत जोडा. त्या मुलाने लिहिलंय तसं हातउसने द्यायला मी तयार आहे. माझे महिन्याचे ५०० धरा.

अट एकच. हिशेब दर तीन महिन्यांनी सगळ्यांना दिसेल असा ठेवा. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेला मी पैसे दिले होते, आजतागायत ते कुठे गेले कळलेलं नाही. तेव्हापासून हात आखडतो.

---

दांडियाबाजार | मंगळवार, दुपारी २.४५

हिशेब मी पाहीन, फुकट. मुलांची नावं न देता फक्त आकडे: किती आले, किती दिले, किती परत आले. उसन्याची नोंद साध्या वहीतही ठेवता येते, पण देतानाच परतीचा महिना लिहून घ्या. नाही आले परत तर तगादा लावायचा नाही, हेही आधीच ठरवा, म्हणजे नंतर गटात वाद होणार नाही.

---

करेलीबागकर | बुधवार, रात्री १०.१०

काल रात्री तुकडीची बैठक झाली. ठरलं ते सांगते.

स्वतःचा नवा ट्रस्ट लगेच काढायचा नाही. सुरुवात सायन्सच्या मुलांसाठी हातउसने देण्याने करायची, थेट मुलाच्या खात्यात, करसवलतीशिवाय. वर्षभर हे नीट चाललं तर काकांच्या मार्गदर्शनाखाली नोंदणीचं पाहू. अटलांटिककाठी आणि त्यांच्यासारख्या परदेशी नागरिकत्व असलेल्या मंडळींनी तोवर पैसे पाठवू नयेत, वेळ द्यावा. त्यातल्या दोघांनी मुलांना परदेशी प्रवेशाच्या निवेदनांवर मदत करायचं मान्य केलंय.

प्रवेशाच्या दिवसांत अर्जांचं टेबल लावायचं. त्यासाठी विभागाची परवानगी विज्ञानशिक्षक सर मागणार आहेत. गुजरातच्या आणि महाराष्ट्राच्या योजनांची कागदपत्रं वेगळी, म्हणून नवापूरच्या मुलाने दोन याद्या करून द्याव्यात अशी विनंती.

पाण्याच्या मशीनचा तट अजून नाराज आहे. त्यांच्यापैकी काहींना तुकडीचं नाव कुठेतरी दिसावं असं मनापासून वाटतं, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. त्यांनी विभागाला विचारून जे हवं असेल ते देखभालीच्या पैशांसह द्यावं, असं ठरलं. त्यासाठी वेगळी वर्गणी होईल.

मुंबईतल्या एका मैत्रिणीने विचारलंय की मुलगा हातउसने मागायला येईल तेव्हा त्याच्याशी कोण बोलणार. यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. आमच्या वयाच्या अनोळखी माणसासमोर बसून पैसे मागणं त्याला अवघड आहे. कुणी सुचवेल का?

---

नवापूरचा_मुलगा | बुधवार, रात्री ११.०५

ताई, याद्या रविवारपर्यंत देतो.

बोलायला नुकताच पास झालेला एखादा दादा किंवा ताई ठेवा. वसतिगृहातलीच असेल तर जास्त बरं, तिला मेसचं बिल किती येतं हे माहीत असतं, कारण सांगत बसावं लागत नाही. आमच्या मजल्यावरचा एक जण मेमध्ये पास होतोय, बडोद्यातच नोकरी लागली आहे. मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला.